जिवंत रक्त टीव्हीवर दाखवून शरीरात काय कमी आहे ते सांगतात. कुणाला अनुभव आहे का?

मृण्मयी_गोरेगाव

मंडळी, जरा लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

माझी मोठी बहीण ४३ वर्षांची. गिरगावात चाळीत राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यापासून भाजीची पिशवी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसायला लागली. केस विंचरले की मूठभर हातात येतात. रात्री पाय इतके वळवळतात की झोप नाही. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि रक्त तपासून या म्हणाले. गोळ्यांनी पोट बिघडलं, आणि रक्त तपासायचं राहूनच गेलं.

मागच्या रविवारी तिची मैत्रीण आम्हा दोघींना पार्ल्याला एका हॉलमध्ये शिबिराला घेऊन गेली. फी १,५०० रुपये. बोटाला टोचून एक थेंब काचेवर घेतला, काच मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर ताईचं रक्त दिसायला लागलं. काळ्या पार्श्वभूमीवर चमकत्या कडांच्या चकत्या, एकमेकींना चिकटून लांबच लांब माळा झालेल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "बघा, रक्त चिकटतंय. आम्लता वाढली आहे." काही पेशींना काटे होते, ते म्हणे यकृत थकल्याचं लक्षण. मध्ये बारीक ठिपके थरथरत होते, ती बुरशी. झिंक कमी, बी-१२ कमी, पचन अर्धवट. मग ताईला हिरव्या पावडरीचा एक ग्लास प्यायला दिला, वीस मिनिटांनी दुसरा थेंब घेतला, आणि या वेळी सगळ्या चकत्या सुट्या, छान तरंगत होत्या.

ताई तिथेच रडली. म्हणाली, "इतके महिने सगळे म्हणतात वय झालं, टेन्शन घेऊ नकोस. पहिल्यांदा कुणीतरी दाखवलं की आत काहीतरी बिघडलंय."

तीन महिन्यांच्या पावडरींचे ११,८०० रुपये झाले. लोहाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, कारण त्याने म्हणे आम्लता आणखी वाढते. दूध, गहू आणि चहाही बंद.

मी शेजारी उभी होते. जे दिसलं ते दिसलं, त्यात लबाडी वाटली नाही. पण गोळ्या बंद केल्यापासून ताईचा चेहरा पांढराफटक दिसतोय, असं मला वाटतं. या तपासणीवर विश्वास ठेवायचा का?

परळचा_लॅबवाला

मृण्मयीताई, आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. उद्या सकाळी बहिणीला घेऊन जवळच्या लॅबमध्ये जा आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) या चार तपासण्या करा. खर्चाचा प्रश्न असेल तर पालिकेच्या 'आपला दवाखाना'मध्ये रक्ताच्या बऱ्याच तपासण्या मोफत होतात, तिथे विचारा. आणि लोहाची गोळी डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली नाही, हे तिच्या लक्षात आणून द्या. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात ३४ वर्षं लॅब टेक्निशियन होतो, २०१९ मध्ये निवृत्त झालो. आयुष्य मायक्रोस्कोपवर मान वाकवून गेलं. त्यामुळे तुमची बहीण का रडली ते मला नीट कळतं. जिवंत रक्त बघणं ही फार विलक्षण गोष्ट आहे. तांबडी पेशी जेमतेम ७ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या सातांएवढी. मधून एखादी पांढरी पेशी निघते, अंग पुढे पसरते, मागचं ओढून घेते, दादरच्या फुलबाजारात डोक्यावर पाटी घेतलेला हमाल गर्दीतून वाट काढतो तशी तांबड्या पेशी बाजूला सारत सरकते. इतकी वर्षं बघूनही माझी नजर तिच्यावरून हलायची नाही. तुम्ही टीव्हीवर बघितलंत ते तुमच्या बहिणीचंच रक्त होतं. पण त्या चित्रावरून जे सांगितलं गेलं ते त्या चित्रात नव्हतं.

चकत्यांच्या माळा म्हणजे आमच्या भाषेत रूलो. नाण्यांची चळत लावतो तशा तांबड्या पेशी एकीवर एक बसतात. थेंब मोठा असला, काचेवर थर जाड झाला, तर तुमच्या, माझ्या, कुणाच्याही धडधाकट माणसाच्या रक्तात चळती दिसतात. नवीन मुलं शिकायला आली की मी स्वतःचंच बोट टोचायचो. पहिली काच मोठ्या थेंबाची, कव्हरस्लिप म्हणजे वरून झाकायची पातळ काच नुसती अलगद ठेवलेली. दुसरी छोट्या थेंबाची, कव्हरस्लिप किंचित दाबलेली. पहिलीत चळतीच चळती, दुसरीत सगळ्या पेशी मोकळ्या. दोन्ही थेंब एकाच बोटाचे, मध्ये दोन मिनिटांचं अंतर, आणि पोटात फक्त सकाळचा चहा. मग त्यांना विचारायचो, यातला आजारी कोण?

एवढंच नाही, एकाच काचेवर मध्यभागी चळती आणि पातळ कडेला सुट्या पेशी असतात. काच सरकवणाऱ्याच्या बोटावर आहे काय दाखवायचं ते. तिथल्या बाई मुद्दाम करत होत्या असं मी म्हणत नाही, त्यांना तसंच शिकवलं असेल. पण पावडरीनंतर पेशी सुट्या झाल्या याला अर्थ नाही, दुसरा थेंब कसा पडला त्यावर ते अवलंबून आहे.

खऱ्या रोगातही चळती वाढतात. रक्तात फायब्रिनोजेन किंवा ग्लोब्युलिन ही प्रथिनं वाढली की पेशी चिकटतात, ईएसआर (तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग) वाढतो तो त्याचमुळे. क्षयात, जंतुसंसर्गात, मायलोमासारख्या कॅन्सरमध्ये हे होतं. पण ते आम्ही नीट ओढलेल्या पातळ, वाळवलेल्या, रंगवलेल्या स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरावर बघतो, आणि तेही ठरावीक जागी. जाड भागातल्या चळती मोजायच्याच नाहीत, हा पहिल्या आठवड्यातला धडा.

काटे: काच वाळायला लागली की पेशीतलं पाणी निघतं आणि कडा काटेरी होतात. यकृताचे काही गंभीर आजार पेशींचा आकार बदलतात हे खरं, पण टीव्हीसमोर पाच-दहा मिनिटं पडून राहिलेल्या काचेवरून ते कुणीच सांगू शकणार नाही. ठिपके: जेवणानंतर रक्तात चरबीचे बारीक कण येतात, ते काळ्या पार्श्वभूमीवर चमचमतात आणि थरथरतात. सकाळी काय खाऊन गेला होतात आठवा. रक्तात खरोखर बुरशी असती तर तुमची बहीण तापाने फणफणून आयसीयूत असती, पार्ल्याच्या हॉलमध्ये खुर्चीवर नाही.

आम्लतेचं तर मला फार वाईट वाटतं, कारण याच शब्दावर गोळी बंद झाली. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ७.३५ ते ७.४५ मध्ये असतो आणि फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून तो तिथे धरून ठेवतात. लोहाच्या गोळीने किंवा चपातीने तो हलत नाही. तो मोजायला बहुधा मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात आणि यंत्रात घालतात. पेशी बघून पीएच कळत नाही. झिंक, बी-१२ ही तर विरघळलेली द्रव्यं. आमटीत मीठ किती ते भिंगातून बघून सांगता येईल का?

अन्नातली कमतरता रक्ताच्या चित्रावर उमटतच नाही असं मात्र नाही. लोह कमी असेल तर रंगवलेल्या स्मिअरवर तांबड्या पेशी लहान आणि मध्ये फिकट दिसतात, कडेला नुसती बांगडी उरल्यासारख्या. बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे पाच-सहा तुकडे दिसतात. ते बघायला लीशमनचा रंग लागतो, शंभराच्या लेन्सवर तेलाचा थेंब लागतो आणि जोडीला आकडे लागतात. मी इतकी वर्षं बघितलं तरी रिपोर्टवर सही माझी नसायची, पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची असायची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचीच हवी. तुम्हाला शिबिरात कागद दिला असेल तर त्यावर कुणाची सही आहे ते बघा.

आणि एक विचारतो, राग मानू नका. बहिणीची पाळी कशी आहे?

अंधेरीकर_संदीप

काकांचा अनुभव मोठा आहे, पण मी माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशीच तपासणी केली होती, तेव्हा माझ्याही पेशी चिकटलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं म्हणून रात्रीचं बाहेरचं खाणं बंद केलं, साखर सोडली, सकाळी चालायला लागलो. सात किलो वजन उतरलं, ॲसिडिटी गेली. सहा महिन्यांनी परत काच बघितली तर पेशी सुट्या. मला तरी फायदा झालाय. सरसकट फसवणूक म्हणू नये असं वाटतं.

शुभदा_ठाणे

मी विज्ञान शिकवते, म्हणून थोडं वाचलं होतं. या पद्धतीचं मूळ बरंचसं ग्युंटर एंडरलाइन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाकडे जातं (१८७२–१९६८). रक्तातले अतिसूक्ष्म कण रूप बदलत बदलत जिवाणू आणि बुरशी होतात, असं त्याचं म्हणणं. सूक्ष्मजीवशास्त्राने ते मान्य केलं नाही. जर्मनीत या पद्धतीची नीट परीक्षाही झाली. २००५ च्या एका अभ्यासात ११० रुग्णांचं रक्त असं बघितलं. त्यातल्या १२ जणांचा कॅन्सर पसरलेला होता, हे तपासणाऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला त्यातले तीनच ओळखता आले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात एकाच रक्ताबद्दल वेगवेगळ्या तपासणाऱ्यांचं मत जुळलं नाही.

काळ्या पार्श्वभूमीचा मायक्रोस्कोप स्वतः खोटा नाही. सिफिलिसचा जंतू १९०५ मध्ये सापडला, त्यानंतर तो जिवंत बघायला डॉक्टरांनी हेच तंत्र वापरलं.

परळचा_लॅबवाला

संदीप, तुमचं वजन उतरलं, ॲसिडिटी गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. ते श्रेय तुमच्या चालण्याचं आणि सोडलेल्या साखरेचं. काच न बघता हे केलं असतंत तरी तेच झालं असतं. तुम्हाला काही लागलं नव्हतं, म्हणून चुकीच्या तपासणीने तुमचं नुकसान झालं नाही. मृण्मयीच्या बहिणीचं तसं नाही. तिला गोळीची गरज होती आणि तीच सुटली. मला काळजी तिची आहे.

शुभदाताई, सिफिलिसचं अगदी बरोबर. पावसाळ्यात आमच्याकडे लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूच्या तापाच्या, संशयाचे रुग्ण यायचे. तो जंतूही या प्रकाशात वळवळताना दिसतो. तरी त्यावर निदान करायचं नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं, कारण रक्तातल्या प्रथिनांचे धागे हुबेहूब त्याच्यासारखे हलतात आणि पट्टीचा माणूसही फसतो. खऱ्या जंतूच्या बाबतीत ही सावधगिरी, मग झिंकचं काय बोलायचं.

मृण्मयी, रक्त दिलंत का?

मृण्मयी_गोरेगाव

काका, दिलं. आजच रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ७.८, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६६, फेरिटिन ५. बी-१२ आणि टीएसएच ठीक आहेत. शेवटी स्मिअरबद्दल दोन ओळी आहेत, पेशी लहान आणि फिकट, अगदी तुम्ही लिहिलं होतंत तसंच. ताईला तुमची 'बांगडी' वाचून दाखवली, बराच वेळ ती गप्प होती.

पाळीचं तुम्ही विचारलंत ते मी तिला विचारलं. आठ-आठ दिवस जाते, पहिले तीन दिवस रात्री उठून दोनदा पॅड बदलावा लागतो, गाठी पडतात. दीड वर्षापासून असंच चाललंय. तिला वाटत होतं सगळ्यांचं या वयात असंच होतं, आईचंही असंच होतं. आम्ही सख्ख्या बहिणी, आठवड्यातून तीनदा फोनवर बोलतो, आणि हे मला माहीत नव्हतं. शिबिरात तिला कुणी हे विचारलंही नव्हतं.

गुरुवारी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे, सोनोग्राफी सांगितली आहे. पावडरींचे दोन डबे सीलबंद होते, ते परत घेतो म्हणालेत, बघू. ताई विचारतेय, चहा तरी आता सुरू करू का?

परळचा_लॅबवाला

७.८ म्हणजे बरंच कमी आहे. गुरुवारपर्यंत जिने कमी चढू द्या. दम लागला, छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर गुरुवारची वाट बघू नका, थेट रुग्णालयात जा. सीबीसीचा कागद सोबत ठेवा.

चहा घेऊ द्या, पण गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर नको, चहाने लोह नीट अंगी लागत नाही. तेवढं एक शिबिरातल्या बाईंचं बरोबर निघालं, कारण मात्र वेगळं. गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या. शौच काळी होईल, घाबरू नका. आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच गोळी थांबवायची नाही, साठा भरायला पुढचे काही महिने लागतात. किती ते डॉक्टर सांगतील.

सोनोग्राफीत काय निघालं ते इथे कळवा.