अण्णांसाठी कॅप्सूलचं कॉफी मशीन घ्यावं का? (सांगली)

विश्रामबागची_लेक

नमस्कार. प्रश्न कॉफीचा आहे, पण खरी काळजी गॅसची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील, अण्णा, सांगलीत विश्रामबागला एकटे राहतात. वय ७९. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. आई जाऊन दोन वर्षं झाली. मी पुण्यात, भाऊ बेंगळुरूला. स्वयंपाकाच्या बाई सकाळी सातला येतात, पण अण्णा उठतात पावणेपाचला आणि उठल्या उठल्या त्यांना कॉफी लागते. साडेसहाला परत एकदा.

गेल्या महिन्यात साडेसहाचं दूध गॅसवर ठेवून ते मागे फुलं काढायला गेले. दूध उतू गेलं, बर्नर विझला आणि गॅस तसाच सुरू राहिला. बाई आल्या तेव्हा अण्णा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती म्हणून निभावलं. बाईंनी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. आधी कॉक बंद केला, मागचं दार सताड उघडलं आणि बाहेर येऊन मला फोन केला. तेव्हापासून पहाटे पाचला मला आपोआप जाग येते.

भावाचं म्हणणं, कॅप्सूलचं, म्हणजे एका कपाची पूड भरलेल्या छोट्या बंद डबीवर चालणारं मशीन घेऊन टाकू. कॅप्सूल घालायची, बटण दाबायचं, कॉफी तयार, गॅसशी संबंधच नाही. मशीन पंधरा हजारांच्या आसपास, कॅप्सूल एक ४५ रुपयांना. पैशांचा प्रश्न आम्ही दोघं मिळून सोडवू. पण अण्णांची कॉफी म्हणजे स्टीलचा पेला भरून दूध, त्यात इन्स्टंट पूड, दीड चमचा साखर आणि वर किसलेलं जायफळ. या वयात नवीन यंत्र त्यांच्या हाताला बसेल का? सांगलीत कॅप्सूल वेळेवर मिळतात का? बिघडलं तर काय? घरात रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगावं.

---

पोवईनाका

ताई, बाईंना माझा नमस्कार सांगा. बटणाला हात न लावणं ऐन वेळी भल्याभल्यांना सुचत नाही.

मी साताऱ्यात चार वर्षं नेस्प्रेसो या ब्रँडच्या जुन्या पद्धतीच्या कॅप्सूलचं मशीन वापरतोय, म्हणून त्याबद्दलच सांगतो. चांगली बाजू खरोखर चांगली आहे. अर्ध्या मिनिटात पाणी तापतं, पुढच्या अर्ध्या मिनिटात कप भरतो. धुवायचं काही नाही. माझं मशीन विसरलो तरी नऊ मिनिटांनी आपोआप बंद होतं. पूड कॅप्सूलमध्ये हवाबंद असते, त्यामुळे पावसाळ्यात आपल्याकडे उघड्या डब्यातल्या पुडीचा जो गोळा होतो तो प्रकार नाही. पहिला कप आणि दहावा कप अगदी सारखा. मी पहाटे पाचच्या गाडीने पुण्याला जायचो तेव्हा घरातल्या कोणालाही न उठवता कॉफी पिऊन निघायचो. ते सुख मला पैशात मोजता येत नाही.

आता तुमच्या अण्णांच्या दृष्टीने बघा. कॅप्सूल घातल्यावर वरचा दांडा खाली दाबावा लागतो आणि तो चांगला घट्ट असतो, कारण त्याच वेळी कॅप्सूलला भोकं पडतात. माझ्या आईला संधिवात आहे, तिला एका हाताने ते जमत नाही. ती दोन्ही हातांनी दाबते, तेव्हा मशीनच ओट्यावर मागे सरकतं. घेण्याआधी अण्णांच्या हाताने एकदा तरी दाबून बघा. फोटो बघून हे कळणार नाही.

पाण्याचंही महत्त्वाचं आहे. आमच्या सोसायटीत नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात. आठ महिन्यांत कॉफीची धार सुतासारखी झाली, मला वाटलं पंप गेला. आत क्षार बसले होते. कंपनीचं क्षार काढायचं द्रावण फिरवलं आणि धार पूर्ववत झाली. व्हिनेगर घालू नका, कंपनीही नको म्हणते. तुमच्याकडे किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर मशीनमध्येही बसणारच, फक्त तो दिसत नाही.

कॅप्सूल मी ऑनलाइन मागवतो. २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने कोल्हापूरकडचा हायवे बंद पडला तेव्हा तिकडच्या मित्राच्या कॅप्सूल दहा-बारा दिवस अडकल्या होत्या. पूड संपली तर कोपऱ्यावरचं दुकान असतं, कॅप्सूल संपली तर मशीन नुसतं बघायचं. किमान महिन्याचा साठा घरात ठेवा.

आणि सगळ्यात मुख्य. त्यातून येते ४० मिली काळी कॉफी. दूध येत नाही.

---

मिरजेची_सून

वरच्या दादांचं शेवटचं वाक्य ताईंनी पुन्हा वाचावं. अण्णांच्या पेल्यात पाऊण भाग दूध. ते तापवायला अण्णा पुन्हा गॅसपाशीच जाणार. दूध उतू जातं, कॉफी नाही.

माझं माहेर हुबळीचं, त्यामुळे मी कॉफीत वाढले. माझं मत आधीच सांगून टाकते: कॅप्सूलमधली कॉफी वाईट नसते, पण तिच्यासाठी मोजावे लागणारे पैसे मला पटत नाहीत. एका कॅप्सूलमध्ये पाच-साडेपाच ग्रॅम पूड. ४५ रुपयांनी हिशोब करा, किलोला आठ-नऊ हजार रुपये झाले. मी ८०-२० ची पूड आणते, म्हणजे ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी (भाजलेल्या मुळांची पूड), ती मला पाव किलो सव्वादोनशेला पडते. पेल्याला दहा ग्रॅम घातली तरी नऊ रुपये. अण्णांचे दिवसाचे दोन कप धरले तर कॅप्सूलचे महिन्याला २७०० रुपये. आणि कॅप्सूल कॉफी लहान कपात, बिनदुधाची प्यायची म्हणून बांधलेली असते. पेलाभर म्हशीच्या दुधात तिची चव बुडून जाते. मग माणूस दोन कॅप्सूल घालतो.

आमच्याकडे स्टीलचा फिल्टर आहे, वर भोकांचा डबा, खाली साधा. संध्याकाळी वरच्या डब्यात पूड घालून चकती हलकी दाबायची आणि किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं. विजेची किटली पाणी उकळलं की आपोआप बंद होते. वीस मिनिटांत खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतं. झाकून फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी तयार. पहाटे फक्त दूध तापवायचं उरतं. त्याला दूध फेसाळायचं विजेचं भांडं मिळतं. त्यात दूध ओतून बटण दाबलं की ते गरम करून स्वतःच बंद होतं, आणि आतल्या खुणेपर्यंतच भरलं तर उतू जात नाही.

हो, कोणी पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूल सुचवेल. तिच्यात चिकोरीवाली पूड घालू नका. चिकोरी पाण्याने फुगते, चिकट होते आणि धार तुंबते. जावेच्या मशीनवर हे करून बघितलंय.

---

तासगावकर

एक सावधगिरीची गोष्ट. तुमचं कोणी अमेरिकेत असेल आणि तिकडचं मशीन बॅगेतून आणतो म्हणालं तर स्पष्ट नको म्हणा. माझ्या मुलीने प्रेमाने आणलं. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३० व्होल्ट. मी ॲडॉप्टर लावून सरळ सॉकेटमध्ये घातलं. पिन बदलली की झालं, असा माझा समज होता. एक आवाज, जळका वास, आणि मशीन संपलं. मागच्या पट्टीवर व्होल्ट लिहिलेले होते, मी वाचले नव्हते. व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण दीड हजार वॅटच्या मशीनला लागणारा ट्रान्सफॉर्मर उचलतानाच दम लागतो.

शिवाय तिकडचा के-कप, म्हणजे तिकडची कॅप्सूल, ही वेगळीच जात. तो १९९८ साली बाजारात आला तो ऑफिसांसाठी. त्यातून मोठा मग भरून पातळ कॉफी येते. नेस्प्रेसोची कॅप्सूल त्यात बसत नाही, त्याची यात बसत नाही. एकदा एक मशीन घेतलं की त्याच कॅप्सूलशी लग्न लागलं असं समजा.

---

कृष्णाकाठ

कचऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दिवसाला दोन म्हणजे वर्षाला ७३० कॅप्सूल, एका माणसाच्या. के-कपचे शोधकर्ते जॉन सिल्व्हन यांनी स्वतः २०१५ मध्ये सांगितलं होतं की हे काढल्याचा त्यांना कधी कधी पश्चात्ताप होतो. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने सरकारी कार्यालयांसाठी अशा कॅप्सूल विकत घेणं बंद केलं.

ॲल्युमिनियमची कॅप्सूल वितळवून पुन्हा वापरता येते, पण आत ओला चोथा असताना भंगारवाला ती हातात घेत नाही. आमच्याकडे मी मागची पन्नी सुरीने कापते, चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकते, कॅप्सूल धुऊन डब्यात साठवते. डबा भरला की भंगारात घेतात. पण हे मी ५२ व्या वर्षी करते. ७९ वर्षांच्या माणसाच्या हातात सुरी आणि गुळगुळीत कॅप्सूल देऊ नये.

---

विश्रामबागची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण विकत घेण्याआधी घरी आणून बघायचं ठरवलं. कोल्हापूरच्या मावसभावाकडे कॅप्सूलचं मशीन आहे. ते शनिवार-रविवारसाठी सांगलीला आणलं.

अण्णांनी पहिली कॅप्सूल मशीनमध्ये घातलीच नाही. ती कापली, पूड कागदावर काढली आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवली. ५.३ ग्रॅम. वहीत लिहिलं. मग दुसरी घातली. दांडा त्यांना दाबता आला, पण डाव्या हाताने मशीन धरून ठेवावं लागलं. काळी कॉफी एक घोट घेऊन म्हणाले, "चांगली आहे. यात वास शाबूत राहिलाय." त्यात काही खोट काढली नाही. मग दूध तापवायला सवयीने लायटर उचलला. मी तिथेच उभी होते. मिरजेच्या ताईंनी लिहिलं होतं ते डोळ्यांसमोर घडलं.

मशीन परत पाठवलं. भावाला थोडं वाईट वाटलं, कारण त्याने मनात घेतलंच होतं. पण त्याने त्याच पैशांत दोन गोष्टी केल्या. जुनी शेगडी काढून ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो अशी नवीन बसवून घेतली, आणि दूध तापवायचं विजेचं भांडं घेतलं. फिल्टर मी मिरजेतून आणला.

डिकॉक्शन अण्णा संध्याकाळी पाचला लावतात, बाई पोळ्या करत असतात तेव्हा. लॅबमध्ये काढले एवढी वर्षं, त्यामुळे थेंबाथेंबाने गळणारी गोष्ट त्यांना मनापासून आवडते. किती पूड, किती पाणी, किती मिनिटं, सगळं वहीत आहे. चकती जोरात दाबली की ४० मिनिटं लागतात आणि कॉफी कडवट होते, हे त्यांनीच शोधून काढलं.

अडचण आली ती वेगळीच. पहिल्या दिवशी म्हणाले, कॉफी कोमट आहे. भांड्यातल्या दुधात थर्मामीटर घालून बघितलं, ६३ अंश. आयुष्यभर उकळत्या दुधाची कॉफी प्यायलेल्या माणसाला ते कोमटच लागणार. त्यात डिकॉक्शन फ्रीजमधलं गार.

---

मिरजेची_सून

ताई, डिकॉक्शनची वाटी किटलीतल्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायला सांगा. पेलाही त्याच पाण्याने विसळून घ्यायचा. आणि दूध कोणतं वापरताय? गवळ्याकडचं असेल तर ते भांडं नुसतं गरम करतं, उकळत नाही. दूध आदल्या दिवशी उकळून फ्रीजमध्ये ठेवलेलंच हवं.

---

विश्रामबागची_लेक

हो, गवळ्याचंच आहे, म्हशीचं. बाई सकाळीच उकळून ठेवतात, त्यामुळे तो प्रश्न नाही. साय मात्र गाळून घ्यावी लागते, नाहीतर भांड्याच्या तळाला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी करपल्याचा वास येतो. अण्णांनी चहाची जुनी गाळणी त्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे.

वाटीचा उपाय कालपासून सुरू केला. आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. इतक्या लवकर आला म्हणून माझ्या काळजाचा ठोका चुकला. म्हणाले, "पेला विसळून घेतल्यावर ६८ आले. जायफळ आता शेवटी न घालता डिकॉक्शनमध्येच किसून बघतो."