काडेपेटीतला बेगड्या : किड्यामुंग्यांना दिलेली नावं

काल कपाट आवरताना शाळेतल्या कंपासपेटीत दोन हिरवे पंख सापडले. बेगड्याचे. पस्तीस वर्षं झाली, पण चमक तसूभर कमी झालेली नाही. तो रंग वरून चढवलेला नसतोच. कवचाच्या एकावर एक पातळ थरांवरून उजेड परततो, म्हणून हिरवा दिसतो. पूर्वी हे पंख राजघराण्यांच्या भरजरी पोशाखांवर टाचायचे.

आमच्याकडे, लातूर भागात, पावसाळ्यात बाभळींवर सोनकिडे यायचे. एक धरला, काडेपेटीत ठेवला, बाभळीचा कोवळा पाला घातला. पोळा तोंडावर आला होता, बैलांच्या शिंगांसाठी वडिलांनी बेगडी कागद आणला होता. किडा त्या कागदासारखाच चकाकत होता, म्हणून बेगड्या. रात्री पेटी उशाशी घेऊन निजायचो. आतून पायांची खरखर यायची. ती थांबली की उठून, पेटी किंचित सरकवून, चिमणीच्या उजेडात बघायचो. तो मिशा हलवायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. एका सकाळी पाल्याखाली तांदळाएवढे पिवळट दाणे दिसले. आई म्हणाली, "अरे, ही तर मादी! अंडी घातलीत तिने." नाव मात्र बेगड्याच राहिलं, त्याच नावाने हाक मारायची सवय झाली होती. पोळा झाला आणि दोन दिवसांनी खरखर बंद पडली.

तुमच्याकडेही असं कुणी असेल तर लिहा. नाव काय, कुणी ठेवलं, खायला काय घालायचात, पुढे काय झालं. सहा पायांची अट नाही.

— लातूर, आता पुणे

आमच्या गेंड्या भुंग्याचं नाव वैरी. ते आजोबांनी ठेवलं, ठेवायचं मनातही नसताना. वेंगुर्ल्याजवळचं गाव. माडाच्या शेंड्यातून तारेच्या आकड्याने भुंगे ओढून काढायचं काम चालायचं. हा भुंगा न उलगडलेला कोंब पोखरतो; पुढे तीच झावळी उघडली की पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात. अळ्या शेणखताच्या खड्ड्यात, जाड, पांढऱ्या. त्या दिवशी निघालेल्यांतला एक, चांगलं वळलेलं शिंग असलेला, मी करवंटीखाली लपवला. आजोबांनी बघितलं. "माडाचो वैरी तो, घरात कित्याक हाडलंस?" मी रडले. ते काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच विचारत होते, "वैऱ्यान जेवल्यान काय?" तिसऱ्या रात्री करवंटी ढकलून वैरी पसार झाला. बागेतलाच एखादा माड त्याने धरला असणार. आजोबा त्यावरून मला एका शब्दाने बोलले नाहीत.

— वेंगुर्ले

आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. किती धरले असतील, मोजदाद नाही, आणि एकालाही नाव नव्हतं. आता माझा मुलगा घरात शिरलेल्या चतुराला हेलिकॉप्टरदादा म्हणतो आणि आधी धावत जाऊन पंखा बंद करतो. हा धागा वाचून ते दोरे आठवले. फार वाईट वाटलं.

— जळगाव

ठाण्यात बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे. पानांवर चिमणीच्या शिटेसारखं काही दिसलं म्हणून पुसायला गेले, तर ते हललं. अळ्या होत्या, पाच. लेकाने लगेच पांडव करून टाकले. आठवड्याभरात कात टाकून सगळे हिरवेगार झाले. भीम कोणता हे सांगायला लागायचं नाही, एका दुपारी त्याने अख्खी डहाळी संपवली. बोट लावलं की डोक्यामागून दोन टोकांचं लालसर शिंग बाहेर यायचं आणि आंबूस, उग्र वास सुटायचा. मग एकेकाने कमरेला रेशमाचा पट्टा बांधला आणि कोश केले. चार फुलपाखरं निघाली. सहदेवाच्या कोशाला मात्र बारीक भोक पडलं आणि आतून चिलटांएवढ्या गांधीलमाश्या बाहेर आल्या, वीसेक तरी. त्या अशाच दुसऱ्याच्या कोशात वाढतात, हे लेकाला समजावून सांगताना माझाच आवाज जड झाला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, ह्यांना कौरव म्हणायचं नाही हं. त्यांना दुसरीकडे राहताच येत नाही."

— ठाणे

मृगाचा किडा. लाल मखमलीचा ठिपका, आठ पायांचा, म्हणजे कोळ्याच्या गोतातला. पहिल्या पावसानंतर बांधावर जो पहिला दिसेल तो आमची आक्का, आजीच्या नावाने. धरत नाही. दिसली की घरी येऊन सांगायचं, "आक्का आली," मग बियाण्याची पोती बाहेर निघतात.

— बार्शी तालुका

सध्या नागोयात आहोत. इथे उन्हाळ्यात पोरं काबुतोमुशी पाळतात. काबुतो म्हणजे शिरस्त्राण, मुशी म्हणजे किडा. डबा, कुजक्या पाल्याची माती, छोट्या वाटीतली जेली, सगळं दुकानात मिळतं. शिरस्त्राण म्हटल्यावर माझ्या सहा वर्षांच्या मुलीने नाव ठेवलं शिलेदार. तिच्या मैत्रिणींना ल जमत नाही, त्या शिरेदारू म्हणायच्या, आणि तो त्याही हाकेला तेवढ्याच तन्मयतेने जेली चाटत बसायचा. मादी होती तिचं नाव येसू. दोघं उन्हाळ्यापुरतेच, हे दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, तरी सप्टेंबरात शिलेदार उताणा दिसला तेव्हा मुलगी शाळेत गेली नाही.

आठवड्याने माती बदलायला डबा उपडा केला, तर अळ्या. अकरा. हिवाळाभर त्या माती खाऊन सुपारीएवढ्या झाल्या. वर जमलेल्या लेंड्या चाळणीने काढायचं काम मुलीचं. सासूबाई सांगलीहून फोनवर रोज विचारतात, "शिलेदाराची पोरं जेवली का गं?" त्यांनी अकरा नावंही लिहून पाठवली आहेत. मुलीला काल बेगड्याची हकीकत वाचून दाखवली. तेव्हापासून तिने यादी फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे आणि सांगितलंय की जूनमध्ये कोश होतील, कुणाला शिंग आहे ते दिसेल, तोवर एकही नाव वापरायचं नाही.

— नागोया