‘कच्चे’ मूल ठरते कसे?

प्रश्न (शिक्षणशास्त्र पदविकेची विद्यार्थिनी, धुळे जिल्हा):
सराव पाठात दुसरीच्या मुलांना मी ‘वडील कुठे गेले आहेत?’ असे विचारले, तेव्हा एक मुलगा चटकन उठून अहिराणी बोलीत ‘मना बाप वावरमा गया’ (माझे वडील शेतात गेले) म्हणाला. पुढच्या बाकांवरची, घरात प्रमाण मराठी बोलणारी मुले हसली आणि तो तासभर पुन्हा बोलला नाही. वर्गात तो ‘कच्चा’ म्हणूनच ओळखला जातो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांची सांस्कृतिक भांडवलाची, म्हणजे घरातून मिळालेली भाषा, सवयी आणि ज्ञान शाळेत भांडवलासारखे उपयोगी पडतात, ही संकल्पना आम्हाला अभ्यासाला आहे. परंतु अशा मुलाच्या मागे पडण्यात गरिबीचा वाटा किती आणि घरच्या बोलीचा किती, हे वेगळे कसे काढावे?

उत्तर १ (प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा):
ताई, माझ्या अनुभवात ते वेगळे निघत नाही. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्याकडे निघतात. घरी आजी-आजोबा नसतील किंवा हंगामी वसतिगृहात सोय झाली नसेल, तर मुलेही सोबत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, तोवर वर्ग निम्मे पुस्तक पुढे गेलेला असतो. माझ्या वर्गातली एक मुलगी उसाच्या फडावर वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या मोजून विक्रीचा हिशेब तोंडी करत असे. वजाबाकीच्या चाचणीत मात्र ती अडली, कारण हातच्याची मांडणी शिकवली तेव्हा ती फडावर होती. प्रगतिपत्रकावर मीच ‘लक्ष कमी’ असा शेरा लिहिला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर २ (निवृत्त मुख्याध्यापिका):
महात्मा फुले यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे हाच अन्याय मांडला होता: महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. वयाच्या किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वय चौदापर्यंत नेले आणि शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मातृभाषा असावी, असेही म्हटले. मात्र खानदेशातल्या शाळेत मराठी हीच सर्वांची मातृभाषा धरली जाते आणि अहिराणी बोलणारे मूल पहिल्याच दिवशी चुकीचे ठरते.
उद्या फळ्यावर ‘वावरमा’ आणि ‘शेतात’ शेजारी-शेजारी लिहा, आणि पहिला शब्द वाचायला त्यालाच बोलवा.