मदत हवी आहे: गायनात पीएचडी करू का? रियाज सुटेल म्हणून भीती वाटतेय

नमस्कार मंडळी,
मी मिरजेची, वय ३४, किराणा घराण्याचं गाणं शिकतेय, गुरुजींकडे आता १४ वर्षं होतील. एमए झालंय, गेल्या वर्षी सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) निघाली, आकाशवाणीची बी हाय ग्रेड आहे (ऑडिशन घेऊन कलाकाराला देतात ती श्रेणी, तिच्या वर ए). घरी क्लासला पंचवीसेक मुलं येतात आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सुट्टीच्या महिन्यांत पगार शून्य.

आता एक मॅडम गाईड व्हायला तयार आहेत. विषय सुचवलाय विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, बंदिशींचा तौलनिक अभ्यास. सासूबाई म्हणतात तू कर, पोराकडे मी बघते. म्हणजे घरून अडचण नाही, अडचण माझ्या मनात आहे.

गुरुजी ७६ वर्षांचे आहेत. मारवा राग अजून माझ्या गळ्यात बसलेला नाही, ते रोज तालमीत तोच घेतात आणि मला माहितीये की हे दुसरं कोणी शिकवणार नाही. नियमाप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, बायकांना आणखी २ वाढवून मिळतात, पण ती वर्षं गुरुजींच्या आयुष्यातली पण आहेत ना. रात्री एकपर्यंत टायपिंग करून पहाटे पाचला खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) लागेल का? माझी एक गुरुभगिनी पीएचडी झाली, पण त्या चार वर्षांत तिनं तानपुऱ्याची जवारी काढून (घोडी घासून आवाज नीट करून) घेतली नाही, आणि कारागीर तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर! ते ऐकून मला रडू आलं होतं.

अमेरिकेतली मैत्रीण पियानोत डॉक्टरेट करतेय, तिथे तिच्या मैफिलीच डिग्रीत धरतात, लिखाण त्यामानाने थोडं. आपल्याकडे शेवटी तपासला जातो तो प्रबंध.

शिवाय २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही, नेट-सेट पुरते. २०१८ च्या नियमांत ए ग्रेड कलाकारासाठी वेगळी वाटही आहे. मग ही वर्षं ए ग्रेडसाठी घालवू का? पण मुलाखतीला गेलं की समोर सगळे डॉक्टर बसलेले असतात. ज्यांनी गाणं सांभाळून पीएचडी केलीय त्यांनी प्लीज खरं सांगा, दिवस कसा लावला होता?

प्रतिसाद १:
ताई, मी तबल्यात केली, मुदतवाढ घेऊन ७ वर्षं लागली. पहिली दोन वर्षं हाताची तयारी खरंच गेली, खोटं कशाला सांगू. कारण माझा विषय ग्रंथांतला होता, दिवसभर लायब्ररीत. तुम्ही विषय बदलून घ्या. गुरुजींची तालीमच विषय करा, ते मारवा कसा बांधतात, रोज काय बदलतात, कुठे थांबवतात. मग तालमीचे दोन तास रियाजातही धरले जातील आणि कामातही. गाईड याला तयार नसतील तर घाई करू नका, दुसरे शोधा. आणि ए ग्रेडची ऑडिशन सोडू नका, ती वेगळी चालू ठेवा.

धागाकर्ती:
दादा, खूप खूप आभार, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण गुरुजी तालमीत फोन सुरू करू देत नाहीत, एकदा एकानं लपून रेकॉर्ड केलं तर आठवडाभर शिकवलंच नाही कोणाला. उद्या तालीम झाल्यावर विचारते. कसं विचारू, कोणी सांगाल का? कोणाच्या गुरूंनी अशी परवानगी दिली होती का?