अनुभव धागा: फ्लायरचे तळवे आणि पावलाची कमान

चीअरलीडिंगच्या स्टंटमध्ये वर उभ्या राहणाऱ्या मुलीचे तळवे दुखायला लागले की बहुतेक वेळा 'नवीन बूट घे' एवढ्यावरच विषय मिटतो. ज्यांनी फ्लायर (वर उभी राहणारी), बेस (तिला खालून हातांवर पेलणारे), प्रशिक्षक किंवा फिजिओ म्हणून हे हाताळलंय त्यांनी लिहावं. आठवणी नकोत. काय करायचं, किती करायचं, कुठे बिघडतं तेवढंच हवं. आपली दमट हवा, पावसाळ्यात न वाळणारे बूट आणि घरात लादीवरचा अनवाणी वावर हेही धरून लिहा.

प्रशिक्षक, फोंडा

जमिनीवर आणि हातांवर उभं राहणं यातला फरक आधी समजून घ्या. एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे बेस हात डोक्यावर ताठ करून फ्लायरला उचलतात तेव्हा, एकेका बेसकडे एकेक पाऊल असतं. एक हात चवड्याखाली, दुसरा टाचेखाली, मधली कमान अधांतरी. सगळं वजन त्या दोन टेकूंच्या मधे कमानीला खाली वाकवत राहतं. कमान ढिली असेल तर पाऊल आतल्या कडेवर कलंडतं, घोटा आत येतो, मागोमाग गुडघा. बेसच्या तळहातात पाऊल पिळल्यासारखं फिरतं, आणि फ्लायरच्या आधी ते बेसला कळतं. बेसनं ते लगेच मोठ्यानं सांगायला हवं.

बेसकडून नेहमी होणारी चूक म्हणजे हात पावलाच्या अगदी टोकांना धरणं आणि निसटू नये म्हणून बोटं कमानीत रुतवणं. टाचेचं हाड एका तळहाताच्या गादीवर बसलं पाहिजे आणि पायाच्या बोटांमागचा गोळा दुसऱ्यावर. बोटांनी फक्त कडा धरायच्या. लिबर्टीत (एका पायावरच्या स्टंटमध्ये) साइड बेसचा, म्हणजे बाजूच्या दुसऱ्या बेसचा, हात पावलाच्या मध्याखाली येतो, तो नुसता लावलेला नको, सपाट आणि भार घेणारा हवा. कमान दुखणाऱ्या मुलीसाठी इनसोलपेक्षा (बुटात घालायच्या आधाराच्या तळापेक्षा) हा हात जास्त कामाचा आहे.

फ्लायरनं गुडघा ताठ, वजन पावलाच्या मधोमध. घाबरली की ती बोटं आवळते. बोटं आवळली की तळव्यात पेटका येतो आणि वजन चवड्यावर सरकतं.

फिजिओ, मडगाव

सरांचा 'अधांतरी'चा मुद्दा व्यायामातही धरायला हवा. पण आधी तपासणी. तळवा ओला करून कोरड्या लादीवर उमटवा. आतली कड पूर्ण भरून उमटली तर दोन्ही चवड्यांवर उठा आणि मागून कुणाला तरी टाचा पाहायला सांगा. उठताना कमान तयार झाली, टाचा आत वळल्या, तर पाऊल लवचिक आहे आणि व्यायामाला दाद देईल. तरीही सपाटच राहिलं तर ते ताठर आहे. त्यात हाडं जन्मतः जोडलेली असू शकतात, म्हणून टेप-इनसोलमध्ये वेळ न घालवता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. एका पायावर उठताच येत नसेल किंवा आतल्या घोट्यामागे कळ येत असेल, तर कमान उचलून धरणारा पोटरीतला स्नायू दमलेला आहे.

व्यायाम: खुर्चीवर बसून तळवा टेकवा. बोटं न वाकवता अंगठ्यामागचा गोळा टाचेकडे ओढा, कमान उचलली जाईल. ५ सेकंद धरा, १० वेळा. बोटं वाकली तर स्नायू दुसरेच काम करतायत. बसून जमलं की उभं राहून, मग एका पायावर. शेवटी भिंतीचा आधार घेऊन चवडा एका ठोकळ्यावर, टाच दुसऱ्यावर, मधे पोकळी. फ्लायरचं खरं काम हेच, आणि नेमकं तेच कुणी करून घेत नाही.

टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं असेल तर पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, ३ फेऱ्या, दिवसाआड. सोपं झालं की पाठीला दप्तर. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी बोटं नडगीकडे ओढून १० सेकंद, १० वेळा. आराम पडायला काही आठवडे ते ३ महिने लागतात. मधेच सोडू नका.

फ्लायर, म्हापसा

टेपबद्दल. न ताणणारी झिंक ऑक्साइड टेप, अडीच सेंटिमीटर रुंद. पाय धुवा, स्पिरीटनं पुसा, पंख्याखाली पूर्ण सुकवा. ओलसर कातडीवर ती वॉर्मअपमध्येच सरकते. पहिली पट्टी करंगळीच्या गोळ्यामागून, बाहेरच्या कडेनं, टाचेला वळसा घालून अंगठ्याच्या गोळ्यामागे. शेवट चिकटवताना अंगठ्याचा गोळा खाली दाबून धरा, सैल सोडला तर सगळं वाया. मग टाचेकडून पुढे आडव्या ४-५ पट्ट्या, तळव्याखालून बाहेरून आत ओढून, प्रत्येक आधीचीवर अर्धी. शेवटी पहिलीसारखी एक. पावलावरून पूर्ण वेढा नको, उभं राहिल्यावर पाऊल रुंद होतं आणि टेप आवळते. सुरकुती राहिली तिथे फोड येणारच.

सराव संपला की लगेच काढा, खोबरेल लावून, कातडी दाबून. घामट टेपखाली कातडी पांढरी होऊन सोलते. आणि चवथीच्या दिवसांत फुगडी अन् स्टंटचा सराव एकाच दिवशी नको, अनवाणी ठेक्याचा ताण त्याच तळव्यावर येतो.

पालक, वास्को

इनसोल पाऊण लांबीचा घ्या. पूर्ण लांबीचा हलक्या चीअर बुटात बोटं वर दाबतो, आणि जाड असला तर टाच सुटते. बूट वाकवून बघा: बोटांच्या मुळाशी वाकावा, मधून घडी पडू नये. भिजले तर वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली. गॅसजवळ नको, गोंद सुटतो.

विद्यार्थिनी, डिचोली

कमान उंच असेल तर?

फिजिओ, मडगाव

मग उलटं, बाळा. उंच कमान ताठ असते, धक्के शोषत नाही, पाऊल बाहेर कलंडतं आणि घोटा मुरगळतो. कडक उचलणारा इनसोल नको, मऊ हवा. पोटरी ताणायची, गुडघा सरळ ३० सेकंद, वाकवून ३० सेकंद. घोट्याच्या बाहेरच्या स्नायूंना रबर बँडचा व्यायाम. बॅकस्पॉटला, म्हणजे मागून आधार देणाऱ्याला, घोटा घट्ट धरायला सांग.

आणि हे सगळ्यांसाठी: कमानीच्या वर, पावलाच्या पाठीवर एका बोटानं दाबल्यावर ठणकत असेल, सूज असेल, रात्री दुखत असेल तर स्टंट त्याच दिवशी बंद. तिथल्या हाडाची बारीक चीर साध्या एक्स-रेत सुरुवातीला निसटू शकते, एमआरआय लागू शकतो. बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) अस्थिरोग विभागात दाखवा.

प्रशिक्षक, फोंडा

डॉक्टरांनी हाडाचं काही नाही म्हटलं तर फ्लायरला घरी बसवू नका. शोल्डर सिटमध्ये (बेसच्या खांद्यावर बसण्यात) पावलावर भार नसतो, तेवढं चालू ठेवा, चढणं-उतरणं मात्र हातांच्या आधारानं. परतताना आधी दोन पायांचा स्टंट कमरेच्या उंचीवर, मग खांद्याच्या, मग एक्स्टेंशन, लिबर्टी सगळ्यात शेवटी. सकाळचं पहिलं पाऊल दुखलं, तर त्या दिवशी एक टप्पा मागे.