म्हातारा बाँड, आणि म्हणे 'वस्तुपाठ'!

रिळवाला
परवा जुनाखोंड यांनी लिहिलं होतं: "वय झालेल्या गुप्तहेराला पडद्यावर परत कसं आणावं याचा वस्तुपाठ म्हणजे १९८३ चा 'नेव्हर से नेव्हर अगेन'. बाकीच्यांनी शिकावं." वर वाहवा करणाऱ्यांची रांग. एका ओळीत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण नाही जमत.

वस्तुपाठ कसला डोंबलाचा? सुरुवात झकास आहे, मान्य. सरावातच बाँड 'मरतो'. नवा एम, म्हणजे हेरखात्याचा प्रमुख, त्याला खाण्यापिण्यावरून प्रवचन देऊन श्रबलँड्स नावाच्या आरोग्यधामात पथ्यावर पाठवतो. वाटतं, चला, आता हा गडी धापा टाकणार, कंबर धरून बसणार. छे! आरोग्यधामातून बाहेर पडला की बाँड झालेला बावन्न वर्षांचा शॉन कॉनरी एकदम पस्तिशीचा होतो, तो थेट शेवटपर्यंत. मोटरसायकल काय, पाण्याखालच्या मारामाऱ्या काय, घोड्यासकट तटावरून समुद्रात उडी काय! वय फक्त हशा मिळवण्यापुरतं. आणि नायिका किम बेसिंजर, विशीतली. कथा तर १९६५ च्या 'थंडरबॉल' या बाँडपटाचीच, कारण अधिकृत मालिकेबाहेरच्या या चित्रपटामागच्या केविन मॅक्लोरीकडे तेवढेच हक्क होते. शिळ्या कढीला ऊत, तोही विग लावून.

जुनाखोंड
विगवर घसरलात म्हणजे मुद्दे संपले. साहेब, कॉनरी साठच्या दशकातही विग लावूनच बाँड करत होता. तेव्हा चाललं, आता टोचलं होय?

आणि आरोग्यधामातली ती मारामारी परत बघा. अंगावर येतोय पैलवान पॅट रोचसारखा पहाड, बाँडच्या हातात शस्त्र नाही, एकामागून एक खोल्यांची वाट लागतेय. शेवटी हाताला लागलेलं काचेचं भांडं तो त्याच्या तोंडावर रिकामं करतो. राक्षस आडवा. मग बाँड लेबल बघतो, तर त्याच्याच लघवीचा नमुना! बारा वर्षांनी परत आलेल्या नायकाला याहून चांगली सलामी कोणी दिली असेल तर सांगा.

तुमच्या सोयीसाठी आणखी एक. त्याच वर्षी अधिकृत मालिकेतल्या 'ऑक्टोपसी'त रॉजर मूर बाँड होता, कॉनरीपेक्षा जवळपास तीन वर्षांनी मोठा. म्हणजे 'म्हातारा परत आला' म्हणून बोंब ज्याच्या नावाने, तो दोघांतला तरुण. मूर १९८५ पर्यंत रेटत राहिला, सत्तावन्नाव्या वर्षीही. त्याला कोणी विग विचारला नाही.

रिळवाला
मूरची बाजू कोण घेतंय? दोघंही घरी बसायला हवे होते. (आणि पैसा 'ऑक्टोपसी'नेच जास्त कमावला, हे सोयीस्कर गाळलंत.)

चष्मेवाला पामर
तुम्ही दोघं चुकीच्या हेरावर भांडताय. वय झालेला हेर बघायचाय? मायकेल केनचा हॅरी पामर. १९६५ च्या 'इपक्रेस फाइल'मध्ये गजर होतो, चष्म्याशिवाय काही दिसत नाही, चाचपडत उठतो, कॉफी दळतो. पुढे एका हाताने अंडी फोडतो. (जवळून दिसणारे ते हात लेखक लेन डाइटन यांचे, कारण केनला ते जमेना.) असा माणूस म्हातारा होऊ शकतो, कारण तो आधीपासून माणूस होता. तीन चित्रपट झाले, मग जवळजवळ तीस वर्षं गप्प, आणि १९९५ मध्ये 'बुलेट टू बीजिंग'. शीतयुद्ध संपलंय, खात्याने नारळ दिलाय, हा पोटासाठी रशियात. सोबतीला कोण? शॉन कॉनरीचा मुलगा जेसन. आता बोला.

जुनाखोंड
बोलतो की. केनने स्वतः आत्मचरित्रात त्या चित्रीकरणाच्या नावाने बोटं मोडलीत. अभिनय सोडायच्या विचारात होता म्हणे. वस्तुपाठ!

चष्मेवाला पामर
कल्पना चांगली होती म्हटलं, चित्रपट चांगला होता असं कुठे म्हटलं? वाचत जा.

मंजिरी
मघापासून बघतेय. पुरुषांची वयं मोजताय, विग मोजताय. एमची सेक्रेटरी मनीपेनी, तिचं काय?

लोइस मॅक्सवेल १९६२ पासून १९८५ पर्यंत, चौदा चित्रपट. मूरच्याच वयाची, नाट्यशिक्षणही एकाच संस्थेत. 'ऑक्टोपसी'मध्ये तिच्या टेबलापाशी एक तरुण मदतनीस आणून उभी केली आणि हिच्याच तोंडी 'मी पूर्वी होते तशी' छापाचा विनोद घातला. मूर त्या वेळी विशीतिशीतल्या बायकांना मिठ्या मारत फिरतोय. १९८७ मध्ये मॅक्सवेल गायब, जागी तीसेक वर्षांनी लहान मुलगी. निरोप नाही, काही नाही.

हे मला जरा जास्तच लागतं. आमच्या कार्यालयात साहेब निवृत्त झाले, महिन्याच्या आत 'सल्लागार' म्हणून त्याच खुर्चीत परत. मी त्यांची स्वीय सहायक, वयाने लहान. मला मात्र आवक-जावकला पाठवलं, कारण पुढच्या टेबलावर 'जरा ताजा चेहरा हवा'. साहेबांना स्वतःच्या फायली कुठे आहेत ते माहीत नव्हतं. विचारायला आवक-जावकलाच यायचे.

रिळवाला
ताई, वाईट झालं. पण १९८५ नंतर मूरही गेलाच की! नवा बाँड, नवी मनीपेनी. यात अन्याय कुठून आणलात?

मंजिरी
मग रॉबर्ट ब्राउनचा एम १९८९ पर्यंत कसा राहिला? बाँडला यंत्रं-शस्त्रं पुरवणारा डेस्मंड लेवेलिनचा क्यू? नवा बाँड आला तेव्हा तो सत्तरी ओलांडून बसला होता. १९९९ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्याचा वारसदार म्हणून जॉन क्लीज आणला, छान निरोपाचा प्रसंग लिहिला, जमिनीतून खाली जातो तो. बाँड बदलला म्हणून टाइपरायटरवालीच तेवढी बदलावी लागते का?

सेवानिवृत्त ७
मंजिरीताई, मी तुमच्या 'साहेबां'सारखाच कंत्राटावर परत आलेला. आम्हाला हौस नसते. नवीन पोरांना जुनी यंत्रणा कळत नाही म्हणून बोलावतात. अनुभवाला किंमत आहे म्हणून खुर्ची मिळते, फुकट नाही.

मंजिरी
माझाही अनुभवच होता. तो आवक-जावकला टपाल फोडत बसला.

सेवानिवृत्त ७
तुमचं वैयक्तिक दुखणं आमच्यावर काढू नका. आणि चित्रपटांचंच बोलायचं तर १९९५ पासून एम कोण होती? ज्यूडी डेंच. बॉसच बाई केली! २०१२ पर्यंत, वयाच्या सत्याहत्तरीपर्यंत. हे दिसत नाही वाटतं.

मंजिरी
दिसलं. शेवटी मारली तेही दिसलं.

सेवानिवृत्त ७
२०२१ मध्ये बाँडलाही मारलाच!!! त्याचाही गुन्हा पुरुषांवर घाला.

चष्मेवाला पामर
ओ काका, ज्यांनी पाहिला नाही त्यांचं काय? शेवट फोडलात.

सेवानिवृत्त ७
चार-पाच वर्षं झाली. आता काय फोडायचं राहिलंय?

जुनाखोंड
गाडी रुळावर आणा हो. मंजिरी यांच्या तक्रारीत तथ्य आहे, पण माझ्याच चित्रपटाला त्याने बळ मिळतं. तिथे क्यू शाखेचा माणूसही तळघरात कुडकुडतोय, बजेट कापलंय, सर्दी झालीय, आणि बाँड परत आला म्हणून सगळ्यात खूश तोच आहे, आता जरा मारामारी होईल म्हणून. अख्खं खातंच म्हातारं आणि कंगाल दाखवलंय. तुमच्या अधिकृत मालिकेत हे १९८३ ला कोणाच्या बापाने दाखवलं होतं?

रिळवाला
बरं बाबा, तळघरातला सर्दी झालेला माणूस तुम्हाला दिला. आरोग्यधाम दिलं. लघवीचा नमुनाही ठेवा तुमच्याकडेच. एकूण वीस-पंचवीस मिनिटांचा वस्तुपाठ, उरलेला सगळा 'थंडरबॉल'. आणि त्यातही मनीपेनीला काय काम होतं ते मंजिरींना विचारा.

मंजिरी
पामेला सालेम होती. आली, दोन वाक्यं बोलली, गेली. वय विचारू नका.

सेवानिवृत्त ७
सुरू झालं परत.