विषय: निवृत्तीनंतर जळगावात, मित्रांजवळ राहायला कोणी गेलंय का?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत ३१ वर्षं झाली, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. अमळनेरच्या प्रताप कॉलेजात आम्ही चौघं एकत्र होतो. बाकीचे तिघं आता जळगावात आहेत. तिथेच घर घ्यावं, असं फार मनात आहे. बायको म्हणते, सुट्टीतली मैत्री वेगळी आणि रोजची वेगळी. कोणाचा अनुभव?

---

दादा, नमस्कार.

मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. शिकागोजवळ २७ वर्षं काढून ३ वर्षांपूर्वी आम्ही दोघं जळगावला आलो, ते माझ्या दोन शाळूसोबतिणींच्या ओढीनेच.

वहिनी म्हणतात ते खरं आहे. पहिले चार महिने मला फार जड गेले. दोघींची भिशी, भाजीवाला, डॉक्टर, सगळं ठरलेलं. एकीच्या सासऱ्यांच्या आजारपणाचा विषय निघाला की दोघी अर्धंच वाक्य बोलायच्या, त्यांना तेवढं पुरायचं. मला काही कळायचं नाही. त्या दिवसांत मी तिथे नव्हतेच ना! एकदा घरी येऊन रडले.

मग चैत्रात एकीच्या गच्चीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातलेला कळला. बोलावण्याची वाट न बघता पहाटे पाचला जाऊन बसले. ज्वारीचा घाटा ढवळताना हात भरून येतात, दुसरं माणूस लागतंच. ऊन चढेपर्यंत थापत होतो. वाटीत गरम घाटा, वर कच्चं तेल. त्या दिवसापासून मी पाहुणी राहिले नाही.

फोनवर आम्ही वर्षानुवर्षं शाळेचंच बोलायचो, त्याच त्या चार गोष्टी. आता पाण्याची मोटार जळाली, गुडघा सुजला, नातवाला ताप आला, असं आजचं बोलतो. मला हेच हवं होतं, आणि ते इतक्या वर्षांत मला कोणाला नीट सांगता आलं नव्हतं.

घर मात्र त्यांच्याच गल्लीत बघा. आधी भाड्याने. आम्ही सुरुवातीला गावाच्या दुसऱ्या टोकाला होतो, तर जाण्याआधी फोन करावा लागायचा. आता मी चपला अडकवून निघते.

मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, भारतात चालत नाही. इथला आरोग्य विमा लवकर घ्या, आधीपासूनच्या आजारांसाठी काही काळ थांबावं लागतं. तुम्ही ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे कार्डधारक, असाल तर घर घेता येतं, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. मित्र केळीच्या बागेचा आग्रह करतील, तेव्हा हे लक्षात असू द्या.

आणि बघायला डिसेंबरात येऊ नका. तेव्हा भरीत-पुरीच्या पार्ट्या असतात, थंडी गोड असते, कोणालाही इथेच राहावंसं वाटतं. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हा महिनाभर राहून बघा. वहिनींना सोबत आणा.

---

ताई, तुमचं पत्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. बिबड्यांपाशी तिने परत वाचायला लावलं. मेची तिकिटं बघतोय. लगेच मित्राला फोन केला आणि जवळपास चांगलं हॉटेल कोणतं, म्हणून विचारलं. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "हॉटेल नको करू भो, वरनी खोली रिकामीच शे."